अकरा ते तीन

विंचूर,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. मनीषा,

तुझ्या श्रावणातल्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं. फोनवर आता माझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. डावा कान संपला, उजवा संपत आलाय. टर्बाइनच्या घरघरीत एकतीस वर्षं काढली, दुसरं काय होणार. मोबाईलवर लिहावं तर माझा मोबाईल रोहित उघडतो, आणि हे रोहितनं वाचायचं नाही. म्हणून पाकीट.

सूनबाईबद्दल आहे, सायलीबद्दल. दसऱ्यानंतर तिनं नाशकात नोकरी धरली हे तुला माहीत आहे. दवाखान्यांच्या विम्याचे कागद तपासणारी कंपनी, मुंबई नाक्याजवळ ऑफिस. मी ना म्हटलं नाही. रोहित इथंच वाईन पार्कातल्या कारखान्यात आहे. तुझी वहिनी लंका गेल्यापासून घरात आम्ही तीनच माणसं. शिकलेली पोरगी आहे, करू दे म्हटलं.

पण ही नोकरी मला समजत नाही. गेल्या मंगळवारी ती सव्वासहाच्या गाडीनं गेली आणि पाचला घरात. बुधवारी नऊला निघाली, आली साडेआठला. शुक्रवारी गेलीच नाही, खोलीचं दार लावून बसली. जेवायला बोलवायला मी दार लोटलं तर स्क्रीनकडं बघून कुणाशी तरी बोलत होती. मला बघून हातानंच ‘थांबा’ म्हणाली.

मी विचारलं, तुझ्या ऑफिसची वेळ तरी काय? तिनं पेपरच्या कडेला लिहून दाखवलं, ‘अकरा ते तीन हजर पाहिजे. बाकीचे तास आपल्या सोयीनं.’

आपल्या सोयीनं! मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात भोंग्यावर गेलो आणि भोंग्यावर सुटलो. पगार देणारा माणूस दुसऱ्याच्या सोयीनं चालतो हे मी या वयात पहिल्यांदा ऐकतोय. रोहितला विचारलं तर तो खांदे उडवतो.

गोटीराम तुला आठवत असेल, माझ्या वर्गातला, स्टँडवर खताचं दुकान आहे त्याचं. दिवसभर गाड्या त्याच्या समोरून जातात. परवा म्हणाला, “गोरक्ष, सूनबाईची शिफ्ट लय बदलती का?” विचारताना तो माझ्याकडं बघत नव्हता, गोणी शिवत होता.

तू नाशकात आहेस. रिटायर झालीस, वेळ आहे. एकदा तिच्या ऑफिसात जाऊन ये, तिला न सांगता. आणि उत्तर घरी पाठवू नकोस. गोटीरामच्या दुकानावर पाठव.

दादा

•

इंदिरानगर, नाशिक,
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,

पत्र वाचून आधी हसले, मग राग आला.

अशा नोकऱ्या आता असतात. आठवड्याचे चाळीस तास भरायचे, त्यातले दुपारचे चार सगळ्यांनी एकत्र, बाकीचे ज्याचे त्यानं. आमच्या शेजारच्या पूजाचंही तसंच आहे. विंचूरहून रोज येऊन-जाऊन शंभरावर किलोमीटर होतात. गाडी मिळेल तशी ती येते आणि राहिलेलं काम घरी बसून पुरं करते. खोलीत ती बोलत होती ती तिच्या साहेबाशी असेल. त्याच्यासमोर उठून तुझ्या ताटावर कशी येणार?

तरी तू सांगितलंस म्हणून गेले. चौथ्या मजल्यावर ऑफिस आहे. काचेतून दिसली. कानाला ते हेडफोन लावून बसली होती, पुढ्यात कागदांचा ढीग. तिला न भेटता परत आले. मला ते बरं वाटलं नाही, पुन्हा असलं काम सांगू नकोस.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. त्र्याण्णव साली वहिनीनं मला असंच पत्र पाठवलं होतं. ‘यांची पहिली पाळी तीनला सुटते आणि हे घरी आठला येतात. मधले तास कुठं जातात? तुम्ही नाशकात आहात, जरा बघा.’ मी आमच्या ह्यांना, सुरेशरावांना, एकलहऱ्याला पाठवलं. तू कँटीनच्या मागच्या बाकावर चपला उशाला घेऊन झोपला होतास. क्वार्टर न घेता विंचूरहून जाऊन-येऊन करायचास, शरीर ऐकत नव्हतं, आणि घरी आलं की शेत वाट बघत असायचं. मी वहिनीला कळवलं की ओव्हरटाइम आहे. झोपतोस हे सांगितलं असतं तर तिला काळजी लागली असती.

तेव्हा दादा, तासांचा हिशेब लागत नाही म्हणून माणूस वाईट ठरत नाही.

तूर्त नाशिकला येण्याची घाई करू नकोस. घरात रंगकाम काढलंय, बसायलाही जागा नाही.

तुझी,
मनीषा

•

विंचूर,
७ डिसेंबर २०२४

चि. मनीषा,

लंकाचं वाचून दोन दिवस कशात मन लागलं नाही. तिनं मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की नाही, कोण जाणे.

पण तेव्हा मी बाकावर सापडलो. सायली सापडत नाही.

गुरुवारी मी तिच्या मागं गेलो. घरी सांगितलं, निफाडला दहाव्याला जातोय. ती गाडीत चढल्यावर गोटीरामच्या दुकानाआडून निघालो आणि शेवटी चढलो. तोंडाला मफलर गुंडाळला होता. मागं उभा राहिलो. लाल कांद्याच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरलेला, निफाडलाच पाऊण तास लागला. तोवर ती झोपली होती. खिडकीच्या गजावर तिचं डोकं आपटत होतं, तरी जाग येत नव्हती. खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं. चांदोरीला उतरून परत फिरावं असंही मनात आलं.

फिरलो असतो तर बरं झालं असतं. नाशकात सीबीएस स्टँडला उतरून तिनं रिक्षा केली. मी मागच्या रिक्षात बसलो आणि त्याला म्हटलं, त्या रिक्षामागं चल. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की माझी मलाच लाज वाटली. मुंबई नाक्याला तिची रिक्षा थांबली नाही. इंदिरानगरच्या बोगद्याकडं गेली आणि सिग्नलला मी मागं राहिलो.

मग तिच्या ऑफिसला गेलो. वॉचमनला चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. त्यानं वर विचारून त्याच चिठ्ठीवर लिहिलं, ‘मॅडम आज घरून काम करत आहेत.’

घरी सांगितलं ऑफिसला जाते. ऑफिसला सांगितलं घरी आहे. चिठ्ठी माझ्याजवळ आहे. त्या दिवशी ती परत आली रात्री नऊला.

आता तुझं. इतक्या जवळ आलोच होतो म्हणून तुझ्याकडं आलो. पावणेअकरा झाले असतील. दाराला कुलूप. शेजारच्या मालनबाईंनी हातवारे करून सांगितलं, काही माहीत नाही. दाराचा रंग मात्र जुनाच होता, मनीषा. चौकटीचाही. रंगाचा वासही नव्हता, आणि माझं नाक अजून शाबूत आहे.

रंगकाम कुठं चाललंय?

दादा

•

इंदिरानगर, नाशिक,
१४ डिसेंबर २०२४

दादा,

मफलर बांधून सुनेच्या मागं फिरणं तुला शोभलं नाही.

रंगारी आगाऊ घेऊन गेला तो आलाच नाही. त्या दिवशी मी पेन्शनच्या कामाला बँकेत गेले होते. मालनबाईंना सांगून जायची मला सवय नाही.

सायलीला मी विचारलं. कंपनीनं इंदिरानगरला आणखी एक जागा घेतली आहे, तिथं नव्या लोकांना शिकवायला पाठवतात, आणि वॉचमनला त्यातलं काही माहीत नसतं. एवढंच आहे. घरून काम म्हणजे काही घरातच बसून असं नसतं.

रोहितला यातलं काही बोलू नकोस. माझ्यावर एवढा भरवसा ठेव. जानेवारी संपेपर्यंत थांब, मग मी स्वतः विंचूरला येईन आणि तुला जे विचारायचं असेल ते विचार. मधे काही करू नकोस, दादा. कुणाच्या सांगण्यावर तर मुळीच नको.

तब्येतीला जप. थंडी वाढते आहे.

मनीषा

•

विंचूर,
२८ डिसेंबर २०२४

मनीषा,

जानेवारी संपेपर्यंत थांब, असं तू का लिहिलंस ते आता कळलं.

गुरुवारी गोटीराम जमिनीच्या दस्ताला नाशकात गेला होता. काम आटोपून निघताना बाजूच्या इमारतीत त्याला सायली दिसली. पाटी त्यानं दोनदा वाचली, विवाह नोंदणी कार्यालय. तिच्याबरोबर एक माणूस होता. साठीचा असेल, पांढरा सदरा, हातात फाईल. सायली टेबलावर वाकून सही करत होती आणि तो तिची पिशवी धरून उभा होता. नंतर दोघं एकाच रिक्षात बसून गेले. गोटीरामनं हे मला दुकानाच्या मागच्या खोलीत नेऊन कागदावर लिहून सांगितलं, आणि कागद तिथंच जाळला. भला माणूस आहे.

मी रोहितला सांगितलं. वॉचमनची चिठ्ठीही दाखवली. माझ्यानं राहवलं नाही.

काल सकाळी चहाच्या वेळी त्यानं तिला विचारलं. मला शब्द ऐकू येत नव्हते, पण तोंडं दिसत होती. ती आधी नाही म्हणाली नाही. मग माझ्याकडं वळली आणि मला समजावं म्हणून सावकाश बोलली. म्हणाली, “आप्पा, मी कुणाला तरी शब्द दिलाय. महिनाभर थांबा.”

रोहितनं विचारलं, तो माणूस कोण? नवऱ्यापेक्षा शब्द मोठा कसा? तरी ती नाव सांगेना. तेव्हा तो म्हणाला, नोकरी सोड नाहीतर घर. रागात म्हणाला, पण म्हणाला. तिनं कप धुऊन ठेवला, कपड्यांची बॅग भरली, लॅपटॉप घेतला आणि नेहमीच्या नऊच्या गाडीनं गेली. माझ्या पाया पडून गेली. हे मला कळत नाही. दोषी माणूस असं करतो का? की तेही दाखवायला?

सटाण्याला तिच्या आईकडं ती गेलेली नाही. रोहितनं फोन करून आडून विचारलं. तिचा फोन लागतो, ती उचलत नाही. रोहित कालपासून जेवलेला नाही.

तुला ती कुठं आहे ते माहीत असणार. तू पहिल्यापासून तिची बाजू घेतेस, रंगाऱ्याची गोष्ट सांगतेस, दुसऱ्या ऑफिसची सांगतेस. तू माझी सख्खी बहीण आहेस. एकदा तरी खरं लिही.

गोरक्ष

•

इंदिरानगर, नाशिक,
३१ डिसेंबर २०२४

दादा,

हे पत्र गोटीरामच्या दुकानावर पाठवत नाही, घरी पाठवते आहे. रोहितलाही वाचायला दे.

सायली माझ्याकडं आहे. शुक्रवारी बॅग घेऊन आली आणि म्हणाली, वर्षअखेरीचं काम तुंबलंय, चार दिवस राहू का? मी राह म्हटलं. चार दिवस ती पहाटे उठून काम करते, जेवते, हसते. तुमच्याकडं काय झालं याचा एक शब्दही ती बोलली नाही. आज दुपारी तुझं पत्र आलं तेव्हा मला कळलं. पत्र तिच्या हातात दिलं तर म्हणाली, “तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही माघार घेतली असती, आत्या.”

लग्न सायली करत नाही, दादा. मी करते आहे.

त्यांचं नाव ज्ञानेश. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सीबीएसच्या त्या खिडकीत तीस वर्षं बसले. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली, एक मुलगी बंगळुरूला असते, तिला सगळं माहीत आहे. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत ओळख झाली, त्याला आता दोन वर्षं होतील. ते आपल्या जातीचे नाहीत. तू हे पहिल्यांदा विचारशील म्हणून मीच लिहिते.

ऑक्टोबरात एकदा सायली ऑफिस सुटल्यावर न कळवता माझ्याकडं आली. ज्ञानेशराव स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. त्यानंतर तिच्यापासून लपवण्यासारखं काही उरलं नाही. तिनं फक्त एवढंच विचारलं, लग्न कधी करताय? तोपर्यंत मी स्वतःलाही ते विचारलं नव्हतं.

कागदपत्रांचं सगळं तिनं केलं. सुरेशरावांचा मृत्यूचा दाखला पालिकेतून काढला, अर्ज भरले, आम्हा दोघांना हाताला धरून त्या कार्यालयात नेलं. तिच्या नोकरीत सकाळ मोकळी काढता येते म्हणून हे जमलं. पाच डिसेंबरला आम्ही नोटीस दिली. त्या दिवशी तिनं ऑफिसात सांगितलं की घरून काम करते, आणि परत आल्यावर माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून संध्याकाळपर्यंत तास भरून काढले. म्हणून तिला घरी यायला नऊ वाजले. कंपनीची दुसरी जागा वगैरे काही नाही, ते मी रचलं. गेल्या गुरुवारी तिच्या ओळखपत्राच्या प्रतीवरची सही राहिली होती. मला ताप होता म्हणून ज्ञानेशराव तिला घेऊन गेले. साक्षीदार म्हणून सही करायची होती तिची. गोटीरामनं पाहिलं ते खरं पाहिलं, फक्त नवरी घरी झोपली होती.

रोहितला सांगू नकोस हे मीच तिच्याकडून कबूल करून घेतलं. रोहितच्या पोटात तुझ्यापासून काही राहत नाही.

आता जे लिहायला मला सगळ्यात जड जातंय ते. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. तू तिच्यावर संशय घेत होतास म्हणजे माझ्याकडं तुझं लक्ष नव्हतं. मी तिची बाजू घेतली, पण तुझा संशय पुरता जाईल असं एकदाही लिहिलं नाही. एका वाक्यात तो मिटवता आला असता. मी तिच्या आडोशाला उभी राहिले, दादा. तिला घराबाहेर पडावं लागलं ते माझ्यामुळं.

आणि का, तर भीती. सुरेशराव गेले तेव्हा तू म्हणाला होतास, आता तुझं घर म्हणजे विंचूर. नऊ वर्षं न चुकता कांदा पाठवलास, बाजरी पाठवलीस, दिवाळीला घ्यायला आलास. या वयात नवरा केला म्हणून माझं माहेर बंद झालं तर? आधी सही होऊन जाऊ दे, मग जे व्हायचं ते होवो, असं ठरवलं होतं.

नोटीस कार्यालयाच्या फळ्यावर लावली आहे. चार जानेवारीपर्यंत कुणालाही हरकत नोंदवता येते. कायद्यानं तुझी हरकत टिकेल न टिकेल, पण भाऊ म्हणून तू तिथं जाऊन नुसता उभा राहिलास तरी मी सही करणार नाही. हे मी ज्ञानेशरावांना सांगितलंय. ते म्हणाले, ठीक आहे.

माझं काय ते नंतर ठरव. सायलीला आधी घरी बोलाव.

मनीषा

•

विंचूर,
६ जानेवारी २०२५

चि. सौ. सायली हिस,

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तीन वर्षं एका घरात राहिलो, तुझं लग्न ठरवायला मी स्वतः सटाण्याला आलो होतो, पण तुला काही लिहावं असं कधी वाटलं नाही.

मनीषाचं पत्र गुरुवारी आलं. मी वाचलं आणि रोहितच्या पुढं ठेवलं. त्यानं वाचून ते घडी घालून परत दिलं आणि उठून गेला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात रजा टाकून तुझ्याकडं आला, ते तुला माहीतच आहे. संध्याकाळी एकटा परत आला. मी विचारलं, ती आली नाही? त्यानं मान हलवली. मी विचारलं, काय म्हणाली? तर त्यानं लिहून दिलं, ‘म्हणाली, तू चिडलास ते मला समजतं. पण तू एकदाही माझ्यावर विश्वास ठेवून बघितला नाहीस.’

विश्वास त्यानं ठेवला असता. चिठ्ठी मी दाखवली. गोटीरामचं मी सांगितलं. दोन महिने तो खांदे उडवत होता तेच बरोबर होतं. त्याच्या कानाशी मी लागलो. त्याच्या वाटणीचा राग माझ्यावर काढ.

मी तुझ्या गाड्या मोजत होतो. तू सहाला गेलीस की वाटायचं, इतक्या लवकर का? नऊला गेलीस की वाटायचं, इतक्या उशिरा का? तू कुठल्याही वेळेला गेली असतीस तरी मला खोट दिसली असती. हे मला आता कळतं. आणि हेही कळतं की तू गेल्यावर दिवसभर या घरात मी एकटा असतो आणि मला दुसरा उद्योग नाही.

मनीषाबद्दल मी अजून काही ठरवलेलं नाही. चार तारीख आली आणि गेली, मी नाशकात गेलो नाही, एवढंच तिला सांग. त्याचा अर्थ तिनं काही काढू नये.

तू परत ये असं मी लिहू का? घर तुझंच आहे. पण मी बोलावलं म्हणून येऊ नकोस. तुला यावंसं वाटलं तर ये.

आप्पा

•

नाशिक,
११ जानेवारी २०२५

आप्पांना नमस्कार,

तुमचं पत्र मी ऑफिसात नेऊन वाचलं. आत्यांसमोर वाचायचं नव्हतं.

मला एक सांगायचं आहे, ते आत्यांनाही सांगितलेलं नाही. पाच डिसेंबरला तुम्ही बसमध्ये होता ते मला माहीत होतं. कंडक्टरनं तुम्हाला तीनदा विचारलं, बाबा, कुठं जायचं? तुम्हाला ऐकू गेलं नाही, आणि सगळी बस मागं वळून बघायला लागली. मीही बघितलं. नंतर झोप लागली ती खरी होती. पण सीबीएसला उतरल्यावर मी थांबून तुम्हाला हाक मारू शकले असते. तुमचा हात धरून आत्यांकडं नेलं असतं तर सगळं त्याच दिवशी मिटलं असतं. मला राग आला होता. म्हटलं, मागं यायचं तर येऊ देत. मग मी रिक्षावाल्याला घाई करायला सांगितलं. तेव्हा संशय तुमचा असला तरी तो वाढू मीही दिला.

रोहित आले होते तेव्हा त्यांच्याशी मी नीट बोलले नाही. काल आम्ही पुन्हा बोललो, फोनवर, तासभर. बरंच बोललो. ते सगळं तुम्हाला लिहीत नाही, राग मानू नका.

मी घरी येणार आहे. पण आधीसारखं नाही, ते ऐकून घ्या. रोजचे साडेतीन तास गाडीत जातात. कांद्याचा हंगाम असला की चार, साडेचार. मी घरी येते तेव्हा माझ्यात बोलायचंही त्राण नसतं, आणि तुम्हाला वाटतं मी तोंड लपवते. या सोयीच्या वेळा मी तुम्हा दोघांच्या जेवणखाण्यासाठी मागून घेतल्या होत्या, त्यात माझी सोय फार थोडी होती. आता सोमवार ते गुरुवार मी नाशकात राहीन. ऑफिसातल्या निकिताच्या खोलीत एक जागा आहे. गुरुवारी संध्याकाळी विंचूरला येईन, शुक्रवारी घरून काम करीन, सोमवारी सकाळी जाईन. रोहितना हे चालेल असं ते म्हणाले. तुम्हाला?

शुक्रवारी दार लावून बसले तर ते बोलणं रेकॉर्ड होतं म्हणून. जेवायला बोलवायचं असेल तर दारावरची टकटक मला ऐकू येते. दार लोटलं तरी चालेल.

आत्यांचं लग्न वीस तारखेला आहे, सोमवारी, सकाळी साडेअकराला. त्यांनी तुम्हाला कळवू नकोस म्हणून सांगितलं होतं. मी आता कुणालाच शब्द देत नाही.

सायली

•

विंचूर,
९ फेब्रुवारी २०२५

चि. मनीषा,

त्या दिवशी मी जेवायला न थांबता निघालो ते तुला लागलं असेल. रोहितनं दोनदा आग्रह केला. पण मला तिथं बसवेना. सुरेशराव माझे मेहुणे होते आणि मित्रही. तू दुसऱ्याच्या शेजारी सही करताना मला ते दिसत होते. त्यात तुझा दोष नाही. माझं मन तेवढ्या लवकर वळत नाही, एवढंच. मी आलो आणि शेवटपर्यंत उभा राहिलो, सध्या तेवढं धर.

तुझ्यावरचा राग गेला असं लिहीत नाही. लग्नाचा राग जाईल. पण पोरीला पुढं करून तू गप्प राहिलीस, ते विसरायला मला वेळ लागेल. मीही त्याच पोरीशी तसाच वागलो, म्हणून तुला फार बोलायचं तोंड मला नाही.

तुझ्या माणसाशी मी दोनच वाक्यं बोललो. सीबीएसच्या खिडकीत मी त्यांना पूर्वी पाहिलं असणार, शेकडो वेळा, पण चेहरा आठवत नाही. माणूस सरळ वाटला. पहिल्या भेटीत सगळेच वाटतात. बघू.

सायली गुरुवारी येते, सोमवारी जाते. येते तेव्हा थकलेली नसते, जेवताना बोलते, मला समजावं म्हणून सावकाश बोलते. गोटीरामच्या दुकानात मी आता बसत नाही. त्यानं एकदा विचारलं, सूनबाई आता रोज दिसत नाय? मी म्हटलं, मला ऐकू येत नाही.

सवय मात्र जात नाही. गेले दोन आठवडे रोहित आणि सायली ओट्यापाशी उभं राहून काहीतरी बोलतात आणि मी आलो की थांबतात. परवा रोहितच्या मोबाईलवर घरांचे फोटो होते. दोन खोल्या, गॅलरी, खाली पार्किंग. रोहितनं नाशकातल्या एका कारखान्यात अर्जही केला असावा, कारण त्यानं त्याचे जुने दाखले कपाटातून काढलेत आणि ते परत नीट ठेवलेले नाहीत. दोघं विंचूर सोडायच्या विचारात आहेत असा मला संशय आहे. या वेळचा माझा संशय खरा निघणार.

मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. ठरलं की ते सांगतील. सांगतील तेव्हा पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवायचं आणि हो म्हणायचं, एवढं मी ठरवलंय. तूही त्यांना काही बोलू नकोस.

द्राक्षांना गोडी उतरतेय. पुढच्या पंधरवड्यात माळावरचा बाग उतरवायला घेऊ. दिवाळीला तुला घ्यायला मी यायचो, आता तसा कुणी येणार नाही. तुमचं तुम्ही या. आणि मनीषा, एकटी येऊ नकोस.

दादा